दिवाळीच्या सुट्टीत दुबई, सोबत आई-वडील आणि सात वर्षांचा मुलगा: काय ठेवावं, काय गाळावं?

संगम_माहुली (सातारा):

भाऊबीज झाली की निघायचं आणि दुबईत पाच रात्री राहायचं, असं ठरतंय. माणसं पाच: आम्ही दोघं, आई (६४), वडील (६९) आणि मुलगा (७). वडिलांना मधुमेह आहे. पायांची आग होते म्हणून प्रीगॅबालिन आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू आहे. आईचे गुडघे धरतात, सलग फार चालवत नाही. शिवाय तिच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे, त्याने अडचण येईल का?

एजंटाने दिलेला कार्यक्रम असा. पहिल्या दिवशी बुर्ज खलिफा, दुबई मॉल आणि मरीनातली बोट. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरदर्शन, दुपारी वाळवंट सफारी. तिसऱ्या दिवशी अबू धाबी: मशीद, मंदिर आणि फेरारी वर्ल्ड (थीम पार्क). चौथ्या दिवशी मिरॅकल गार्डन (फुलांची बाग), ग्लोबल व्हिलेज (देशोदेशींच्या दालनांची जत्रा). पाचवा दिवस खरेदी. हे आई-वडिलांना झेपेल का? राहायला बर दुबई बरं की मरीनाकडचं हॉटेल? आणि आई फराळाचा डबा आणि घरचा मसाला घेणारच म्हणते आहे, तो चालतो का?

कृष्णाकाठ (सांगली):

फिरण्याचं इतर लोक सांगतील. तुमच्या यादीत तीन गोष्टी अशा आहेत की त्या विमानतळावरच अडवतील, म्हणून आधी त्या बघू.

आडनाव. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पर्यटन व्हिसावर एकाच शब्दाचं नाव असलेला पासपोर्ट स्वीकारणं बंद केलं आहे. नंतर खुलासा झाला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. आईंच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि पतीचं असे दोन शब्द असतील तर त्या या नियमात सहसा येत नाहीत. एकच शब्द असेल तर मात्र विमान कंपनीला पासपोर्टच्या दोन्ही पानांची प्रत ई-मेलने पाठवून लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. कारण तुम्हाला अडवणारा पहिला माणूस दुबईचा अधिकारी नसून आपल्याकडच्या काउंटरवरचा कर्मचारी असतो. प्रवाशाला तिकडून परत पाठवलं तर खर्च कंपनीवर येतो, म्हणून तो शंका आली की थांबवतोच. सगळ्यात निर्धास्त मार्ग म्हणजे आडनाव घालून पासपोर्ट नव्याने काढणं. पण ते आत्ताच करा, आणि तिकीट व व्हिसा नव्या पासपोर्टच्या नावानेच काढा. नाहीतर तीन कागदांवर तीन नावं होतात. बाकीच्यांचे पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने चालतील ना, हेही बघून घ्या.

औषधं. प्रीगॅबालिन आणि अल्प्राझोलाम ही दोन्ही तिकडे नियंत्रित औषधं आहेत. ट्रामाडॉल, डायझेपाम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्याच वर्गातलं. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतात म्हणून ती साधी समजू नका. निघण्याआधी तिकडच्या सरकारी संकेतस्थळावर परवानगीचा अर्ज भरायचा. त्याला पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि चिठ्ठी लागते. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह आणि डोस लिहिलेली हवी. नुसतं कंपनीचं नाव लिहिलं तर तिकडच्या माणसाला उलगडा होत नाही. गोळ्या मूळ पाकिटातच न्या. आठवड्याच्या डबीत सुट्ट्या करून नेलेल्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. प्रवासाच्या दिवसांपुरत्या आणि वर थोड्या, इतक्याच घ्या. इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत, पत्रासह. शक्य असेल तर डॉक्टरांना विचारा की त्या आठवड्यापुरता दुसरा पर्याय देता येईल का. मात्र स्वतःच्या मनाने अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका, त्याने त्रास होतो.

फराळ. इथे बहुतेकांची गफलत होते ती खसखशीने. खसखस तिकडे बंदी असलेल्या पदार्थांत आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. म्हणजे अनारसे नाहीत, खसखस घातलेल्या करंज्या आणि लाडू नाहीत. घरचा कांदा-लसूण मसालासुद्धा तपासून घ्या, आपल्याकडे बऱ्याच घरांत त्यात खसखस भाजून घालतात. एक वाटी असली तरी धोका पत्करू नये. चकली, शंकरपाळी, चिवडा, भडंग, कंदी पेढे यांत सहसा खसखस नसते, खात्री करून ते न्या. मसाला आणि लोणचं चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. सुक्या खोबऱ्याची वाटी चेक-इन बॅगेत घालू नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. विड्याची पानं आणि गुटखा तिकडे बंद आहेत. मिश्री, तंबाखूची पुडी घरीच ठेवलेली बरी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

पासपोर्टवरच्या ईसीआर शिक्क्याची (परदेशात नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, अशी ती नोंद) काळजी नको. तो नोकरीसाठी जाणाऱ्यांचा प्रश्न आहे. पर्यटकाकडे व्हिसा आणि परतीचं तिकीट असलं की पुरतं.

यवतेश्वर (सातारा):

कार्यक्रमाबद्दल स्पष्ट सांगतो: हा तिशीतल्या चार मित्रांचा कार्यक्रम आहे. तिसरा दिवस तर कागदावरच बसतो. दुबई ते अबू धाबी साधारण १४० किलोमीटर. मशीद आणि मंदिर हेच पूर्ण दिवसाचं काम आहे, आणि फेरारी वर्ल्डचं तिकीट घेऊन दोन तासांत बाहेर पडणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

दुबईत थकवा येतो तो उन्हाने कमी आणि चालण्याने जास्त. नोव्हेंबरात हवा चांगली असते. पण इमारती एवढ्या पसरट आहेत की "मेट्रोला लागून" असं लिहिलेलं ठिकाणही लांब निघतं. बुर्ज खलिफा/दुबई मॉल स्टेशनापासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूलच आठशे मीटरच्या आसपास आहे. सरकते पट्टे आहेत, तरी आईंना तिथेच दम लागेल, आणि मग मॉल सुरू होतो. म्हणून त्या एका ठिकाणी टॅक्सीने थेट मॉलच्या दारात उतरा.

टॅक्सीचं गणित आधी समजून घ्या. साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात आणि मूलही एक प्रवासी धरतात. तुम्ही पाच आहात. चालक "बसा दाटीवाटीने" म्हणत नाही, त्याला दंड होतो. दहा वर्षांखालच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. तेव्हा सहा-सात माणसांची मोठी टॅक्सी करीम ॲपवरून मागवायची किंवा दोन टॅक्सी करायच्या. विमानतळावरून घेतलेल्या टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं. मेट्रो टर्मिनल १ आणि ३ ला आहे, टर्मिनल २ ला नाही. तुमचं विमान कुठे उतरतं ते तिकिटावर बघा.

मेट्रोसाठी प्रत्येकाला वेगळं नोल कार्ड लागतं, एकाच्या कार्डावर पाच जण जात नाहीत. पाच वर्षांखालच्यांना फुकट, तुमच्या मुलाला कार्ड घ्यावंच लागेल. चंदेरी कार्ड २५ दिरहमचं, त्यात १९ दिरहम वापरता येतात. एका विभागात ३, शेजारच्या विभागात ५, त्यापुढे ७.५ दिरहम. दिवसभराचा पास २० दिरहमला, तो दिवसात निदान तीन लांबचे प्रवास असतील तरच परवडतो. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे कार्ड टेकवायचं. डब्यात आणि फलाटावर खाणं-पिणं, अगदी पाण्याचा घोटही, १०० दिरहम दंडाचा विषय आहे. मुलाच्या हातात बिस्कीट नको. गुलाबी खुणेच्या महिला-मुलांच्या डब्यात पुरुष गेला तरी दंड. गर्दीत वडील चुकून त्याच दारातून चढू नयेत, एवढं बघा.

राहायला बर दुबई किंवा करामा. मरीना देखणी आहे, पण तिथून प्रत्येक गोष्ट लांब पडते आणि घरच्या चवीचं जेवण महाग. बर दुबईत मीना बाजारच्या आसपास थाळी, डोसा, चहा सगळं पायाखाली आहे. बुर्जुमान स्टेशनावर लाल आणि हिरवी अशा दोन्ही मार्गिका मिळतात, खाडी जवळ आहे. हॉटेल घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: खोलीत प्रवेश किती वाजता (बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीन, सकाळी उतरलात तर आई-वडील लॉबीत बसून राहतील), अनामत किती धरतात, आणि पर्यटन दिरहम दरात धरला आहे का. हा कर प्रत्येक खोलीमागे रोज ७ ते २० दिरहम असतो, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. तो बहुधा तिथे गेल्यावर रोख मागतात.

आता बुर्ज खलिफा. ८२८ मीटर उंच, २०१० मध्ये खुला झाला. साधं तिकीट १२४ आणि १२५ व्या मजल्याचं, महागडं १४८ व्या मजल्याचं. साधं पुरेसं आहे. दर वेळेप्रमाणे बदलतात, सूर्यास्ताच्या आसपासचे सगळ्यात चढे. भर दुपारी धुरकट हवेत लांबचं दिसत नाही आणि रात्री नुसते दिवे. नोव्हेंबरात सूर्य साधारण साडेपाचला मावळतो. साडेचारच्या सुमाराची वेळ घेतली तर उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. त्या वेळेची तिकिटं आधी संपतात, काउंटरवर मिळण्याच्या भरवशावर राहू नका. खाली आल्यावर कारंजं फुकट दिसतं. मॉलमधलं एक कोटी लिटर पाण्याचं मत्स्यालयही समोरच्या काचेतून तिकिटाविना दिसतं, मुलाला तेवढं पुरतं.

पैसे वाचवायचे असतील तर बुर्जऐवजी दुबई फ्रेम. १५० मीटर उंचीची चौकट, तिकीट ५० दिरहमच्या आसपास. एका बाजूला जुनी देरा, दुसऱ्या बाजूला शेख झायेद रस्त्यावरचे मनोरे. शहर कसं वाढलं हे तिथून जास्त नीट कळतं. आणि खाडीतली अब्रा सोडू नका, लाकडी बोट, एका फेरीला १ दिरहम, सुटे नाणे जवळ ठेवा.

माझ्या मते क्रम असा लावा. उतरलात त्या दिवशी आराम, संध्याकाळी अल फहिदीच्या जुन्या गल्ल्या आणि अब्रा. त्या गल्ल्यांतले वाऱ्याचे मनोरे मुलाला दाखवा: चारही बाजूंनी उघडे, वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारे. वीज नव्हती तेव्हा तोच गारवा. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम, दुपारी झोप, साडेतीनला मॉल आणि बुर्ज. तिसरा दिवस सफारीचा, सकाळी काहीही नको. चौथा अबू धाबीचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी ग्लोबल व्हिलेज. बोट आणि मिरॅकल गार्डन गाळा. पाच दिवसांत एक दुपार तरी मोकळी सोडाच.

आणि शाल. मॉल, मेट्रो, बस सगळीकडे गारठा असतो. आई-वडिलांना बाहेरच्या उन्हापेक्षा आतल्या थंडीचा त्रास होतो.

विटा_गलाई:

खरेदीच्या दिवसाबद्दल थोडं. "दुबईचं सोनं स्वस्त" हे ऐकून आपल्याकडचे लोक पैसे बाजूला काढून जातात, म्हणून लिहितो.

जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा पूर्वीची मोठी तफावत बरीच आटली. फायदा बघायचा तर नुसता ग्रॅमचा भाव बघून चालत नाही. भाव, घडणावळ आणि ५ टक्के व्हॅट, तिन्ही धरून बेरीज करा आणि आपल्या सराफाच्या, जीएसटी धरलेल्या रकमेशी ताडून पाहा. देऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये (सोनेबाजारात) त्या दिवसाचा भाव फलकावर असतो, त्यात घासाघीस नाही. घासाघीस फक्त घडणावळीत, आणि तिथे ती जोरात करावी.

शिक्का स्वतः वाचा. ९१६ म्हणजे २२ कॅरेट. तिकडे २१ कॅरेटचे, म्हणजे ८७५ टंचाचे डाग (दागिने) भरपूर असतात, कारण अरब गिऱ्हाईक ते घेतं. रंगावरून फरक ओळखू येत नाही. इकडे मोडायला आणलं की घट निघते आणि माणूस सराफावर संशय घेतो. खडे असतील तर त्यांचं वजन वेगळं काढून निव्वळ सोन्याचं वजन बिलावर लिहून घ्या.

व्हॅटचा परतावा मिळतो. २५० दिरहमच्या वर खरेदी असेल तर दुकानातच पासपोर्ट दाखवून परताव्याचा टॅग लावून घ्यायचा. विमानतळावर बॅग जमा करण्याच्या आधी, वस्तू हातात असताना पडताळणी करायची. बॅग आत गेली की संधी गेली. भरलेल्या व्हॅटचा मोठा भाग परत येतो, त्यातून प्रत्येक टॅगमागे थोडी रक्कम कापतात.

भारतात उतरताना: महिलांना ४० ग्रॅम आणि पुरुषांना २० ग्रॅम दागिन्यांची जी शुल्क-सवलत सांगतात, ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. पाच दिवसांच्या पर्यटकाला ती लागू नाही. सोन्याची नाणी आणि बिस्किटं सर्वसाधारण शुल्कमाफीतही बसत नाहीत. विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करा. आणि आई, वहिनी अंगावर पाटल्या, मोहनमाळ घालून जाणार असतील तर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात दाखला घ्या, वजन-वर्णनासह. नाहीतर परत येताना स्वतःचेच डाग जुने असल्याचं पटवून द्यावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे मंगळसूत्र ठेवून बाकीचं घरी ठेवणं.

संगम_माहुली (सातारा):

खसखस आणि प्रीगॅबालिन, दोन्ही लक्षातच आलं नसतं. मनापासून आभार. अजून तीन शंका. सफारीत आई-वडिलांना न्यावं की हॉटेलवर ठेवावं? अबू धाबीला मंदिर आधी की मशीद? आणि घरी फोन कसा करायचा, तिकडे व्हॉट्सॲप चालत नाही म्हणतात.

माणदेशी_माती (आटपाडी):

सफारीत न्या, पण वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारणाऱ्या गाडीत बसवू नका. सफारीचे दोन भाग असतात: टेकड्यांवरची गाडी आणि नंतरचा तळ, म्हणजे जेवण, उंट, नाच. आयोजकाला आधीच सांगितलं तर ज्येष्ठांना थेट तळावर नेणारी गाडी मिळते. काही जण वेगळे पैसे घेतात. हे फोनवर न ठरवता संदेशात लिहून घ्या.

त्या गाडीत नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे निर्णय घेता येईल. वाळूत शिरण्याआधी चालक चारही चाकांची हवा बरीच उतरवतो. चाक पसरतं, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी रुतत नाही. मग टेकडीच्या कडेवरून गाडी तिरकी खाली सोडतात. कमरेला आणि मानेला सलग हिसके बसतात. मणक्याचा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने बसू नये. सात वर्षांचा मुलगा पट्टा लावून बसू शकतो, पण पोटात ढवळतं. दुपारचं जेवण हलकं आणि दोन तास आधी. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी, गाडीत बसल्यावर नाही. मधल्या रांगेत बसवा, मागच्या रांगेत सगळ्यात जास्त हिसके.

न्यायला गाडी दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान येते, परत यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ. वडिलांची संध्याकाळची औषधं आणि मधल्या वेळचं खाणं सोबत ठेवा, तळावर जेवण उशिरा लागतं. शाकाहारी असाल तर आधी सांगा. चार चाकांची वाळूतली मोटारसायकल आणि ससाण्यासोबतचा फोटो यांचे पैसे बहुधा वेगळे, भाव आधी विचारा. नोव्हेंबरात रात्री वाळवंटात गार वारा असतो. बूट नकोत, झटकता येतील अशा चपला घाला. फोन आणि कॅमेरा बंद होणाऱ्या पिशवीत, बारीक वाळू चार्जिंगच्या भोकात बसते.

यवतेश्वर (सातारा):

अबू धाबीचं मंदिर दुबईकडून जाताना वाटेवरच, अबू मुरेखाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुलं झालं, सात अमिरातींची सात शिखरं. सोमवारी बंद असतं, तेव्हा चौथा दिवस सोमवार येत असेल तर सफारीशी अदलाबदल करा. नोंदणी आधी ऑनलाइन. सकाळी मंदिर, मग जेवण, आणि मशीद दुपारी चारच्या पुढे, म्हणजे संगमरवर उन्हात डोळ्यांवर येत नाही आणि दिवे लागलेलेही दिसतात. मशिदीत प्रवेश फुकट, पण वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. महिलांना डोकं, हात आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत. साडीत पोट-पाठ उघडी दिसते, म्हणून त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज आणि मोठी ओढणी बरी. पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. आत चालणं खूप आहे, आईंसाठी प्रवेशापाशीच व्हीलचेअर मागा. बस आहे (दुबईच्या इब्न बतूता बसस्थानकाहून ई-१०१, २५ दिरहम), पण तुमच्या पाच जणांना दिवसभराची गाडीच सोयीची.

विमानतळावरही दोघांसाठी व्हीलचेअर घ्या. ती विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी नोंदवायची, पैसे लागत नाहीत. वडिलांना संकोच वाटेल, पण दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये विमानापासून बाहेर येईपर्यंतचं अंतर बघता तो संकोच बाजूला ठेवायला सांगा.

कृष्णाकाठ (सांगली):

व्हॉट्सॲपवर संदेश आणि फोटो जातात, कॉल लागत नाहीत, आवाजाचेही नाहीत आणि व्हिडिओचेही नाहीत. बोटिम, गूगल मीट किंवा झूम चालतं. घरी राहणाऱ्यांच्या फोनवर त्यातलं एखादं निघण्याआधीच टाकून एकदा लावून बघा. तिथून फोनवर "आता हे ॲप उतरव" असं सांगत बसणं कठीण जातं.

प्लग तिकडे तीन चौकोनी पिनांचा. अडॅप्टर इथेच घ्या आणि सोबत आपल्याकडचा छोटा विस्तार-बोर्ड न्या, एका अडॅप्टरवर सगळ्यांचे फोन लागतात.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, रक्कम रुपयांत की दिरहममध्ये? दिरहमच निवडा. रुपये निवडले की दुकानाची बँक स्वतःचा दर लावते आणि तो महागच असतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की तुमचा खर्च वाढतो. थोडी रक्कम फॉरेक्स कार्डावर आधीच टाकून ठेवलेली बरी.

पुण्याहून थेट विमान मिळालं तर तेच घ्या, दोनशे रुपये इकडेतिकडे झाले तरी. मुंबईचं असेल तर दिवाळीच्या परतीच्या गर्दीत खंबाटकी आणि पुढे खंडाळा, दोन्ही घाट तुंबतात. विमानाच्या वेळेआधी तीन तास विमानतळ आणि त्याच्याआधी रस्त्याला निदान आठ तास धरा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, वडिलांच्या इन्सुलिनची किंवा गोळ्यांची वेळ त्याप्रमाणे कशी सरकवायची ते डॉक्टरांकडून त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.